फिका पट्टा

मंगळवार, ता. ४

तू हे पाकीट उघडणार नाहीस हे धरूनच लिहितोय. तरी लिहितोय, कारण आज दुपारी माझं सगळं बदललं. कुठल्या क्षणी तेही सांगतो. लॅबमधल्या काळ्या पेटीतल्या कॅमेऱ्यानं चित्र दाखवलं आणि टिल्लूच्या जागी पट्टा उमटला, त्या क्षणी.

हो, टिल्लू. तुझ्या ताईचा टिल्लू. नळीवर नुसता नंबर होता, पण आमचे गाडीवाले काका पोटात काही ठेवतात का? म्हणाले, "हे तुझ्या त्या सिस्टरच्या भाच्याचं रक्त. तिनंच बर्फात घालून दिलं. दोनदा म्हणाली, काका, सावकाश न्या."

तू नर्स आहेस, तुला काय सांगायचं. पण टिल्लूचा थोरला भाऊ गेला तेव्हा तुम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो. जंतू शिरला की पेशीच्या वेशीवर आरडाओरडा होतो. तो निरोप आत पोचवणारं एक प्रथिन असतं, इरॅक-फोर. तो निरोप्याच नसला तर आतल्यांना पत्ताच लागत नाही. ताप नाही, सूज नाही, पोर खेळतंय, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपतं. थोरल्याचं तसंच झालं असावं असं तुमच्या डॉक्टरांना वाटतं, म्हणून त्यांनी धाकट्याचं रक्त आमच्याकडे पाठवलं. आम्ही त्यातली प्रथिनं एका पातळ कागदासारख्या पडद्यावर उतरवतो आणि त्यावर अँटिबॉडी सोडतो. ती दुसऱ्या कशाला शिवत नाही, फक्त इरॅकला जाऊन चिकटते. निरोप्या असेल तर पट्टा दिसतो. नसेल तर ती जागा कोरी.

कोरी नाही गं! फिका आहे पट्टा, कॅमेरा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागला, पण आहे. शेजारी दादाच्या रक्ताचा पट्टा, निरोगी माणसाचा, मापाला. दोन्ही एका उंचीवर. मी ओरडलोच. दादा म्हणजे आमचे सीनिअर टेक्निशियन. ते म्हणाले, "फटाक्या, हळू. काचा आहेत इथं." मला इथं फटाका म्हणतात. कॉलेजमध्ये काय म्हणायचे ते तुला माहीत आहेच.

हे मी केलं. दादा शेजारच्या मशीनवर होते, मी म्हटलं मला करू द्या, ते म्हणाले कर. सकाळी एकच अडचण आली. इरॅकची अँटिबॉडी संपली होती आणि नव्या कुपीचं पार्सल वाटेत होतं. हातावर हात धरून कोण बसणार? मी हजेरीवाली आधी लावून घेतली, मग धुऊन, पार्सल आल्यावर इरॅकची. हजेरीवाली म्हणजे ट्युब्युलिनची. ते प्रथिन प्रत्येक पेशीत असतंच, नमुना नीट घातला होता ना एवढंच ते सांगतं. क्रम उलटा झाला, वेळ मात्र वाचला.

लॅबच्या प्रमुख मॅडमनी संध्याकाळी रिपोर्टवर सही केली. प्रथिन आढळले.

तू म्हणाली होतीस, तुझ्या हातून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. बघ आता. उत्तर नको. नुसतं काकांना सांग, वाचलं म्हणून.

*

शुक्रवार, ता. ७

काकांना विचारलं. म्हणाले, "पाकीट घेतलं, आणि नाक असं केलं, जसा काय मी मेलेला उंदीर दिला. मग खिशात घातलं."

"वाचलं का?"

"मी काय खिशात शिरून बघू?"

असो. मग काकांनी दुसरी बातमी दिली. रिपोर्ट पोचला, ताईंनी देवाला हात जोडले, आणि टिल्लूचं रोजचं गुलाबी औषध, जंतूंना आधीच अडवणारं, बंद झालं. "तोंड वाकडं करायचा बिचारा," काका म्हणाले, "सुटला."

मी म्हटलं, वा. आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. का ते सांगतो. नाही, सांगत नाही. तसं काही नाहीच. काल इथे एक नवी मुलगी शिकायला आलीय, तिला दादा सांगत होते, मी शेजारी नळ्या पुसत होतो. म्हणाले, "आधी लाजरा पाहुणा आत घ्यायचा, मग दंगेखोर. इरॅक पेशीत मुळात थोडं, ते लाजरं. ट्युब्युलिन रग्गड, तो दंगेखोर. आणि दोघांची उंची जवळजवळ एक, पडद्यावर एकाच जागी बसतात. दंगेखोराला आधी घेतलंस तर लाजरा आला की नाही कळणार कसं?"

ती म्हणाली, "पण मध्ये धुतो ना आपण?"

"धुतो. शाईचा डाग कधी धुऊन पुरता गेलाय? फिका होतो."

फिका.

ती हसली. मीही हसलो. माझ्या हातातली नळी फुटली. दादा म्हणाले, "फटाक्या, आज कुणावर रागावलायस?" एरवी बरोबर ओळखतात. काल नाही ओळखलं.

हे बघ, उगाच शंका घ्यायचा माझा स्वभाव तुला माहीत आहे. माझा पट्टा खरा असेल. बहुतेक खराच आहे. मी दोनदा धुतलं होतं. पण तरी, थोरल्याचं आठवून, नुसती खबरदारी म्हणून, ते गुलाबी औषध काही दिवस चालू ठेवलं तर काय बिघडतं? डॉक्टरांना सांगायचं तर सांग, नाहीतर असंच सांग ताईंना, मावशीचा हट्ट म्हणून. कारण विचारू नकोस. एवढं एक ऐक.

रात्री झोप नाही. शेजारच्या खोलीतला फ्रिज घरघरायला लागला की वाटतं कुणीतरी दारात उभं आहे आणि नाव विचारतंय.

*

सोमवार, ता. १०

काकांनी तुझा निरोप दिला. काका माणूस मजेशीर, पण हा निरोप त्यांनी मान खाली घालून दिला. "तिनं जसं सांगितलं तसंच सांगतो रे, मला शिव्या घालू नको. म्हणाली, माझ्या भाच्याला मध्ये घालून माझ्यापर्यंत यायचं असेल, तर त्याला सांगा तो मला मेला. आणि म्हणाली, आधी अपघात झाला म्हणून बोलावलं होतं, आता हे."

अपघाताचं बरोबर आहे. तेव्हा मला खरचटलंसुद्धा नव्हतं. तू धावत आलीस, आणि मी चहाच्या टपरीवर बसून होतो. तू मला पाहिलंस आणि तशीच वळलीस. त्यानंतर माझा प्रत्येक फोन तुला तसाच वाटणार, यात तुझी चूक नाही. मी तुझ्या जागी असतो तर स्टूलच फेकलं असतं. फेकलंच होतं म्हणा, तुझ्यावरून खिदळणाऱ्या त्या प्रॅक्टिकलच्या सरांवर, आणि त्या दिवशी माझं कॉलेज संपलं. तेव्हाही तू म्हणालीस, हे माझ्यासाठी केलंस असं म्हणायचं नाही.

हे पत्र काकांकडे देणार नाही. म्हणून यात खरं लिहितो.

आज जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी फ्रिजमधून पडदा काढला. टिल्लूच्या उरलेल्या नमुन्यातून तो शुक्रवारी जाता जाता तयार करून ठेवला होता. नवा पडदा, एका जागी दादाचं रक्त, शेजारी टिल्लूचं. या वेळी लाजऱ्याला आधी घेतलं. इरॅकची अँटिबॉडी सोडली, धुतलं, पेटीत घातलं, झाकण लावलं. चित्र यायला लागतो तो वेळ मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लहानपणी आई इंजेक्शनच्या वेळी म्हणायची तसं, बघू नको म्हणजे दुखत नाही.

दादाचा पट्टा काळाभोर.

टिल्लूची जागा कोरी.

कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला. दादाचा पट्टा फुगून डांबरासारखा झाला. टिल्लूची जागा कोरी. मग वरून हजेरीवाली सोडली, आणि दोघांचे पट्टे सारखे ठसठशीत आले. म्हणजे नमुना नीट घातलेला होता. नव्हता तो फक्त निरोप्या.

मंगळवारी ज्याला बघून मी ओरडलो होतो तो दंगेखोराचा राहिलेला डाग होता. मी त्याच्यावर खूश होऊन, थांबून थांबून, कॅमेरा उघडा ठेवून ठेवून, त्याला बाहेर ओढलं होतं.

दादा जेवून आले तेव्हा मी पडदा खिशात घातला होता. विचारलं, "जेवला नाहीस?" म्हटलं, भूक नाही. "लव्ह लेटर लिहीत होतास?" म्हटलं, हो. ते पाठीवर थापटून गेले, आणि ओला पडदा मांडीला चिकटून राहिला.

सांगायला हवं, एवढं कळतं मला. पण मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत जातो आणि पाय वळतात. मामानं हातापाया पडून ही नोकरी मिळवून दिलीय. तो म्हणाला होता, इथं माती खाल्लीस तर माझ्या दारात येऊ नको. लोक म्हणतील, कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराच्या हातात कुणी दिलं हे. पोलीस येतात का अशा गोष्टींत? मला ठाऊक नाही, आणि विचारायलाही भीती वाटते, कारण विचारलं की विचारणारा का विचारतोय हे कळतं.

पण खरं सांगू? मी मॅडमना घाबरत नाही. पोलिसांना घाबरतो, पण तेवढा नाही. तुला हे कळेल त्या वेळी तुझा चेहरा कसा होईल, मी त्याला घाबरतो. आत्ता तू माझा राग करतेस. त्यात थोडी माया असेल असं मी स्वतःला सांगत असतो. हे कळल्यावर ते सांगता येणार नाही.

औषध बंद आहे. तरी टिल्लू ठणठणीत आहे, काका म्हणाले. उद्या सांगतो मॅडमना. उद्या नक्की.

*

बुधवार, ता. १२

ही पानं एकत्र देतोय, सोमवारचं न दिलेलं सुद्धा. तुझ्या हातात, तुझ्या ताईच्या दारात. आधी हे शेवटचं वाच.

टिल्लूला लगेच हॉस्पिटलमध्ये घेऊन चल. ताप नाही म्हणून थांबू नका. त्याला ताप येणारच नाही. आमचा रिपोर्ट चुकलाय. चूक माझी आहे. बरोबरचा रिपोर्ट सोबत आहे, मॅडमच्या सहीचा.

आता बाकीचं. दादा तो रिपोर्ट छापून आणायला गेलेत, काका गाडीत डिझेल भरताहेत, आणि मला समोर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. माझा आवाज चढतो, मग लोकांना आवाजच ऐकू येतो. म्हणून लिहितोय.

सोमवारी मी नाही सांगितलं. काल दिवसभर नाही सांगितलं. ही ओळ मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहितोय.

आज सकाळी काका डबे उतरवताना सहज म्हणाले, "तुझी सिस्टर आज रजेवर. ताईकडे गेलीय. पोरगं जरा किरकिरतंय म्हणे."

मी म्हटलं, "काय होतंय?"

"काही नाही रे, कान ओढतंय, खात नाही, झोप झोप करतंय. ताप बिप काही नाही. ताईनं सिस्टरला म्हटलं, अंग गार आहे, काळजी नको."

अंग गार आहे. माझ्या हातातला डबा पडला. काका म्हणाले, अरे, अरे, नमुने! आणि मी जिन्यावर होतो.

केबिनचं दार मी वाजवलं नाही. मॅडम फोनवर होत्या, मी म्हटलं, फोन ठेवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ठेवला. दादा मागून धावत आले, त्यांना वाटलं फटाका आज मॅडमवरच फुटणार.

मी मंगळवारची आणि सोमवारची चित्रं टेबलावर ठेवली.

मॅडमनी विचारलं, "पहिलं चित्र कुठल्या क्रमानं काढलं?"

"हजेरीवाली आधी."

दादांनी भिंतीला हात टेकला. "गाढवा. अरे गाढवा."

"का?" मॅडम.

"पार्सल आलं नव्हतं."

"थांबता आलं नाही?"

"नाही."

"का नाही?"

आता काय सांगू? खरं तेच सांगितलं. "तिला त्या दिवशीच कळावं असं वाटत होतं. माझ्याकडून."

मला वाटलं हाकलतील. त्यांनी चष्मा काढला, मंगळवारची दोन्ही चित्रं, इरॅकचं आणि ट्युब्युलिनचं, शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसल्या. पट्ट्याची एक कड किंचित वर उचललेली होती. दोन्ही चित्रांत तशीच. मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे. हे इतकं सारखं कसं, असं मी एकदाही विचारलं नाही. चांगली बातमी होती म्हणून." मग माझ्याकडे बघून, "रडायचं ते नंतर. मूल कुठं आहे?"

तेव्हा मला कळलं की मी रडत होतो.

तुमचे डॉक्टर परगावी आहेत. त्यांच्या जागी जे आहेत ते फोनवर म्हणाले, "ताप नाही, मग घाई कसली? उद्या ओपीडीत आणा, बघतो." मॅडमनी समजावलं, ताप नसणं हाच तर आजार आहे. ते म्हणाले, लेखी द्या आणि मूल घेऊन या, आलं तर तपासतो, आणल्याशिवाय काय करू? त्यातही खोटं काही नाही. मूल आणायला हवं आणि ते तुम्हीच आणू शकता. ताईंचा नंबर हॉस्पिटलच्या कागदावर जुना आहे, लागत नाही. लॅबचा नंबर तू कधीचाच ब्लॉक केलायस, माझ्या कर्मानं. मॅडमनी स्वतःच्या मोबाइलवरून लावला. तू उचललास, मॅडम म्हणाल्या "मी लॅबमधून बोलतेय," आणि तू ठेवलास. परत लावला तर बंद. मॅडमनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला. इतकं मेल्यासारखं मला कधी झालं नाही. सहा महिने मी तुला फोन करत राहिलो, आणि ज्या एका फोनची खरंच गरज होती तो लागत नाही.

म्हणून मी येतोय.

मॅडम म्हणाल्या, दादांना पाठवते. मी म्हटलं दादांना घर माहीत नाही, मला माहीत आहे. तुझ्या भाऊजींनी मला जिथून ढकललं होतं ती पायरी मला नीट माहीत आहे. "परत पायरी चढलास तर तंगडं मोडीन," म्हणाले होते. मोडू देत. पण त्यांना सांग, हॉस्पिटलच्या आवारात मोडा. घरी मोडत बसलात तर वेळ जाईल, आणि तिथं प्लास्टरची सोयही असते.

हसू नकोस. मला हसू येत नाहीये. मी भितोय. गाडीत बसल्यावर भीती वाढेल, वळणावर तुमचं घर दिसल्यावर अजून. दारापाशी गर्दी दिसली तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही. तो विचार आला की मी दुसरीकडे बघतो. थोरल्याच्या वेळी सकाळी पोर पायऱ्या चढत होतं आणि दुपारी तुझ्या मांडीवर, हे तूच मला सांगितलं होतंस, कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर. तेव्हा तू माझा हात धरला होतास. ते मी कुणाला सांगितलं नाही.

दार उघडशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. टिल्लूकडे बघ. त्याची हनुवटी छातीला टेकते का, मान आखडलीय का, ते बघ. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगणार, पण घरचं पोर असलं की माणूस नर्स राहत नाही. काकांची गाडी दारात उभी असेल, टिल्लूला घेऊन आत बसा. मी मागे डब्यांमध्ये बसेन, नाहीतर उतरून चालत येईन, तू म्हणशील तसं.

मला माफ कर असं मी यात कुठेही लिहिलेलं नाही. शोधू नकोस. ते लिहिलं तर परत मी माझंच काहीतरी मागतोय असं होईल. मला आज तुझ्याकडून काही नको, फक्त दार उघड.

दादा रिपोर्ट घेऊन आले. "प्रथिन आढळले नाही," त्याखाली मॅडमची सही, शाई अजून ओली. दादांनी माझा कोट काढून घेतला. "हा घालून जाऊ नको, उगाच डॉक्टर समजतील," आणि स्वतःचं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं. खाली काका हॉर्न देताहेत, एकसारखे.

पाकीट चिकटवत नाही, नाहीतर तुला उघडायला वेळ लागेल. निघालो. मागे दार ओढून घेतोय.